निम्म्या बायकांचं धुलाईघर

बॉयलरवाल्याला मुकादमीण नीट माहीत होती असं म्हणणं खोटं ठरेल. ती गेल्याचं त्याला कळलं तेसुद्धा बऱ्याच दिवसांनी, न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असताना. न्हावी म्हणाला, "तुमच्या हॉस्पिटलातली ती भांडकुदळ बाई गेली म्हणे." त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं, पण मानेवर वस्तरा होता. घरी आल्यावर तो आठवत बसला, या बाईबद्दल आपल्याला नक्की काय ठाऊक आहे? हाती फार थोडं लागलं. तिचा नवरा वारला होता की सोडून गेला होता, हे त्याला माहीत नव्हतं. तिला वाचता येत होतं की नाही, याची खात्री नव्हती. तिला हसताना त्याने पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते हसणं बहुतेक वेळा त्याच्यावरच असायचं.

कारण साधं होतं. दोघांच्या मध्ये भिंत होती.

सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, शवागाराच्या पलीकडे, एक बुटकी लांबट इमारत होती. एका टोकाला बॉयलर आणि बाकीच्या सगळ्या लांबीत धुलाईघर. वाफेचा जाड नळ भिंतीतून पलीकडे जायचा. बॉयलरवाला दिवसभर आगीसमोर, मुकादमीण दिवसभर धुण्याच्या ढोलांसमोर. तोंड दिसायचं ते कामावर येता-जाताना. बाकी बोलणं नळावरून. ती पान्याने नळावर ठोके द्यायची. एक ठोका म्हणजे वाफ वाढवा, दोन म्हणजे आवरा, आणि खडखडाट म्हणजे शिवी. खडखडाट रोज असायचा. त्यामागोमाग भिंतीतल्या झरोक्यातून आवाज यायचा, "ओ वाफोबा! जागे आहात की आगीपुढे डुलक्या काढताय?"

वाफोबा हे नाव तिनेच ठेवलेलं. ते बघता बघता हॉस्पिटलभर झालं. एकदा घरी त्याच्या बायकोच्या तोंडूनही निघून गेलं. त्याला ते मुळीच आवडत नसे, पण तसं सांगायचं तर भिंतीच्या पलीकडे जावं लागलं असतं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

बाई कडक होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. रक्ताची चादर आधी गार पाण्यात, मग सोड्यात, मग ढोलात. कोणी नवखीने ती सरळ गरम पाण्यात टाकली, की डाग कायमचा बसायचा आणि त्या नवखीच्या डोक्यातही तो दिवस कायमचा बसायचा. ऑपरेशनची हिरवी कापडं ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. "यांच्यात माणसं उघडी करतात," एवढंच म्हणायची.

तिच्या हाताखाली तिची भाची होती. बहीण लवकर गेली, पोरीला हिने वाढवलं, लग्न लावलं, तेही धड टिकलं नाही, मग तिला लेकरासकट परत आणून धुलाईघरात लावलं. भाचीवर ती इतर बायकांपेक्षा जास्त ओरडायची, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. भाचीची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्या वर्षी होणार होती. मुकादमिणीचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता, हे मात्र भिंतीपलीकडेही कळायचं. भाची कायम झाली की आपण घरी बसणार, पाय पसरून चहा पिणार आणि वाफोबाला वाफेत सोडून देणार, असं ती झरोक्यातून मोठ्याने जाहीर करायची.

आणि त्याच वर्षी भूकंप झाला.

सकाळची वेळ होती. बॉयलरवाल्याने आधी आगीवरचं झाकण लावलं, मग तो बाहेर पळाला. पुढे वर्षानुवर्षं त्याला याचा थोडा अभिमान वाटायचा आणि थोडी शरमही, कारण त्या क्षणी त्याला घरची आठवण आली नव्हती. हॉस्पिटलची नवी इमारत, जिच्या उद्घाटनाला मंत्री आले होते, ती खाली बसली. जुने वॉर्ड आणि मागची बुटकी इमारत फक्त तडकली. धूळ खाली बसायच्या आत पलीकडून नळावर एक ठोका पडला. वाफ वाढवा.

मग जे दिवस गेले, त्यांच्यात दिवस-रात्र असं काही नव्हतं. जखमी लोक आवारात ताडपत्रीखाली निजवलेले. अर्ध्याहून जास्त बायका कामावर येऊ शकल्या नाहीत. कोणाचं घर पडलेलं, कोणी स्वतःच ढिगाऱ्याखाली, कोणी आपल्या माणसांना शोधत फिरणारी. दुसऱ्या पाळीचा बॉयलरवाला परत आलाच नाही. मुख्य जलवाहिनी फुटली होती. तरी वॉर्डात चादर कमी पडली नाही. मुकादमिणीने ती कमी पडू दिली नाही.

कशी, ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं तिथेच फसलं. घर पडलेल्या बायका आपली कुटुंबं घेऊन धुलाईघरामागेच राहायला आल्या होत्या. त्यांचे नवरे, सासू-सासरे, दीर पाण्याचे डबे वाहायला लागले. पेशंटचे नातेवाईक, ज्यांना आवारात बसून रडण्यापलीकडे काही काम नव्हतं, त्यांच्या हातात तिने ओल्या चादरींची टोकं दिली. "धरा. पिळा. रडायचं असेल तर पिळता पिळता रडा." बॉयलरवाल्याचा मेहुणा कोळसा फोडत होता. कोळसा संपला तेव्हा नव्या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी आगीत गेल्या. बाहेरच्या माणसांना धुलाईघरात येऊ देणं नियमाविरुद्ध होतं. मुकादमिणीला ते पक्कं माहीत होतं. म्हणून तिने सगळ्यांना बजावून ठेवलं, "कोणी विचारलं तर इथे फक्त आपल्या बायका काम करतात. समजलं?"

शहरातल्या नगरपालिकेचं काम थांबवलं गेलं. निवडून आलेले लोक घरी, त्यांच्या जागी प्रशासक. आणीबाणीचे अधिकार. प्रशासकाबरोबर राजधानीतून एक सल्लागार आला. त्याच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला इतके खिसे होते की बायकांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी खिसेवाला ठेवलं. माणूस दिसायला छान, बोलायला त्याहून छान. मधाचं बोट कोणाच्या ओठांना लावायचं, हे त्याला बरोबर कळायचं.

तो धुलाईघरात आला तेव्हा बरोबर कॅमेरेवाला होता. झरोक्यातून बॉयलरवाल्याला सगळं ऐकू येत होतं. खिसेवाल्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ताई, हे शहर तुमच्यामुळे उभं आहे. खरं सांगतो. मी पुष्कळ ठिकाणी गेलोय, पण असं काम पाहिलं नाही."

एवढ्या वर्षांत धुलाईघरात कोणी टोपी काढली नव्हती. डॉक्टर तर दारापर्यंतही येत नसत. मुकादमीण ताठ झाली.

"माझ्या अर्ध्याहून जास्त बायका नव्हत्या," ती म्हणाली. "पण एकाही वॉर्डाची चादर थांबली नाही. विचारा कोणालाही."

"म्हणजे निम्म्या बायकांत सगळं काम?"

"निम्म्यासुद्धा नव्हत्या म्हणते ना."

"कमाल आहे! मग एरवी बाकीच्या बायका काय करतात?"

"एरवी?" मुकादमीण म्हणाली. "एरवी जीभ चालवतात!"

सगळ्या हसल्या. ज्यांच्यावर विनोद होता त्यासुद्धा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत कोणी हसलं असेल. बॉयलरवालाही भिंतीअलीकडे हसला. खिसेवाला तर सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि एका खिशातून पेन काढून त्याने काहीतरी टिपून घेतलं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी बॉयलरवाला राख टाकायला मागे गेला. तिथे आडोसा होता म्हणून प्रशासक आणि खिसेवाला सिगारेट ओढत उभे होते. प्रशासक म्हणत होता, "घाई केल्यासारखं दिसेल हो."

"घाईच करायची असते, साहेब. एरवी या एवढ्याशा धुलाईघरासाठी युनियन, कोर्ट, मोर्चे! तुम्ही रिटायर झाला असता तरी फाइल हलली नसती. आता मोर्चाला येणार कोण? सगळे ब्लँकेटच्या रांगेत उभे आहेत. पाणी खाजगी कंपनीला दिलं, बसचा डेपो दिला, कोणी ब्र काढला का? लोक भानावर आले की प्रश्न विचारायला लागतात. त्याच्या आत उरकायचं."

बॉयलरवाला फावडं हातात धरून उभा होता. त्यांनी त्याला पाहिलं. पाहूनही ते बोलत राहिले, आणि याचाच त्याला पुढे आयुष्यभर सगळ्यांत जास्त राग आला. माणसासमोर भिंतीसमोर बोलावं तसं बोलले.

त्या संध्याकाळी तो फाटकाशी मुकादमिणीची वाट बघत थांबला. आपणहून तिच्याशी बोलायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. शब्द जुळवता जुळवता त्याला घाम फुटला. त्याने सांगितलं ते तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"तुमच्या कानात राख गेलीय, वाफोबा."

"मी स्वतः ऐकलं, बाई."

"अहो, तो माणूस माझ्यापुढे टोपी काढून उभा होता. तुमच्यापुढे कोणी काढलीय कधी?"

"नाही."

"मग! उगाच पोटात दुखतंय तुमच्या. जा, घरी जाऊन चहा प्या."

आठवड्याभरात आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या आणि वर एक कापडी फलक लागला. संकटातून संधीकडे. ज्या माणसाला हे शब्द सुचले, त्याच्या घराची एक वीटही हलली नसणार. फलकाच्या दोऱ्या ज्या खांबांना बांधल्या होत्या, त्याच खांबांना जखमींवरच्या ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर राजधानीतली माणसं, मागे उभे डॉक्टर, सिस्टर, सफाईवाले, धुलाईघरातल्या बायका. मुकादमिणीने धुतलेलं पातळ नेसलं होतं. आपला सत्कार होणार, अशी तिची समजूत होती, आणि एका अर्थी तो झालाही.

प्रशासक म्हणाला, या संकटाने आपल्याला काटकसर शिकवली. हॉस्पिटलची घडी नव्याने बसवायची आहे. धुलाईघरातल्या निम्म्या जागा आजपासून रद्द. जे नुकते लागलेले आहेत आणि कायम नाहीत, ते आधी जातील. "आणि हे मी म्हणत नाही," तो पुढे म्हणाला. "तुमच्या मुकादमीणबाईच म्हणतात. निम्म्याहून कमी बायकांत त्यांनी सगळं काम केलं. मग बाकीच्या एरवी काय करतात, असं विचारल्यावर काय म्हणाल्या माहितीये?" इथे तो नाटकातल्यासारखा थांबला. "जीभ चालवतात!"

पुढच्या खुर्च्या हसल्या. मागे कोणी हसलं नाही. धुलाईघरातल्या बायका एकेक करत मुकादमिणीकडे बघायला लागल्या. भाचीसुद्धा. बॉयलरवाल्याला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ ताठच राहिली, पण मान खाली गेली, आणि तिची मान खाली गेलेली त्याने त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून एक बाई ओरडताना ऐकू आली. "चालवलीस ना जीभ? आता बस चाटत!" मुकादमिणीचा आवाज आलाच नाही. उलट उत्तर नाही, खडखडाट नाही.

ती प्रशासकाकडे गेली. बाहेर बसलेल्या कारकुनाने सांगितलं, "बाई, आणीबाणी आहे. तक्रारी ऐकणं सध्या बंद."

"मी तक्रार करत नाहीये. खरं सांगायला आलेय. आम्ही एकट्यांनी केलं नव्हतं ते काम. बाहेरची माणसं होती."

"बाहेरची माणसं? धुलाईघरात? नियमात बसतं का ते?" कारकून म्हणाला. "बाई, मी ऐकलं नाही असं समजतो. तुमच्याच गळ्याशी येईल." तो वर असंही दाखवत होता की आपण तिच्यावर उपकार करतोय.

तिथून ती सरळ बॉयलरच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. त्याच्या स्टुलावर बसली आणि आजूबाजूला बघून म्हणाली, "केवढा हा उकाडा! इथे राहून तुमचा मेंदू शाबूत कसा राहिला?"

त्याने पाणी दिलं. ती प्यायली नाही. पेला हातात धरून बोलत राहिली.

"निम्म्यात होतं म्हणतात ना? करून दाखवते. पण निम्म्यातच. बाहेरचं एक माणूस नाही. कोणाचा नवरा नाही, सासू नाही. पाळी भरली की हात धुवायचे आणि घरी. तुम्हीही तसंच करायचं. एकट्याने दोघांची पाळी करत बसायची नाही. तुमच्या मेहुण्याला सांगा घरी जा म्हणून. आणि चौकटी-बिवकटी जाळायच्या नाहीत."

"चादरी पुरणार नाहीत, बाई."

"नाहीच पुरणार. मग येईल तो टोपीवाला धावत. मग मी त्याला खरं काय ते सांगेन."

बॉयलरवाल्याला ताडपत्रीखालचे जखमी आठवले. पण ती विचारायला आली होती, सांगायला नाही, एवढं त्याला तिच्या हातातल्या न प्यायलेल्या पाण्यावरून कळलं. तो बरं म्हणाला.

आणि मग ढीग वाढायला लागला. पहिल्या दिवशी कोपऱ्यात, मग भिंतीलगत, मग दारापर्यंत. राहिलेल्या बायका मुकाट्याने काम करायच्या आणि पाळी संपली की निघून जायच्या. ज्यांना काढलं होतं त्या फाटकाशी उभ्या राहून त्यांना आणि मुकादमिणीला एकाच तोंडाने शिव्या द्यायच्या. भाची त्यांच्यात असायची, पण गप्प.

वास बॉयलरच्या खोलीपर्यंत यायला लागला तेव्हा मोठी सिस्टर आली. ही बाई आणि मुकादमीण एकाच साली लागलेल्या. एकमेकींशी भांडल्याशिवाय दोघींचा दिवस जात नसे, पण ते भांडण घरचं होतं. आजचं नव्हतं.

"बाळंतीण उघड्या गादीवर निजवलीय मी!" सिस्टर दारातूनच ओरडली. "प्लास्टिकवर!"

"मग जा आणि त्या खिसेवाल्याचं जाकीट अंथर."

"तुझं भांडण त्यांच्याशी आहे ना? माझ्या पेशंटांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"माझ्या बायकांनी काय मारलं होतं? त्यांना काढलं तेव्हा तू मागे उभी राहून टाळ्या वाजवत होतीस."

"मी वाजवल्या नाहीत!"

"थांबवल्याही नाहीस."

"तू अशी नव्हतीस गं."

"अशीच होते. तुम्हाला वर फक्त धुतलेल्या चादरी दिसायच्या. मी कुठे दिसत होते?"

सिस्टर ढिगातल्या त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या दोन चादरी ओढून घेऊन गेली. त्या धुतलेल्या नव्हत्या. ती कुठे धुणार होती कोण जाणे. ती गेल्यावर मुकादमीण झरोक्याखाली येऊन उभी राहिली असावी, कारण आवाज अगदी जवळून आला. "वाफोबा, आज येईल बघा तो."

तो दिवस गेला. पुढचाही गेला. मग दुपारी गाडीचा आवाज आला आणि मुकादमीण पदराला हात पुसत बाहेर धावली. गाडीतून कॅमेरेवाला उतरला. एकटाच. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. ढिगाचे फोटो काढले, सगळ्यांत घाणेरडी चादर पायाने पुढे ओढून तिचा वेगळा काढला, आणि नाकाला रुमाल लावून गेला. पेपरात मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं की सरकारी कामगारांच्या मुजोरीने जखमी घाणीत लोळताहेत. बाळंतिणीचा उल्लेखही होता. तिच्याविषयी कोणाला कळवळा होता म्हणून नाही. कामी येणारी होती म्हणून.

काम झालं तेव्हा निम्म्यांची गरज नाही म्हणाले. काम अडलं तेव्हा सगळेच निकामी म्हणाले. बॉयलरवाल्याने पेपर आगीत टाकला. त्याने आयुष्यात एवढीच काय ती चळवळ केली.

लगेचच एका खाजगी धुलाई कंपनीचे ट्रक आले. तात्पुरती सोय, असं सांगण्यात आलं. ट्रक पांढरे स्वच्छ होते आणि त्यांच्या दोन्ही अंगांवर हॉस्पिटलचं नाव रंगवलेलं होतं. बॉयलरवाला जवळ जाऊन बघून आला. रंग ताजा नव्हता. अक्षरांच्या कडांना धूळ बसून वाळली होती, एका ठिकाणी खरचटलंही होतं. हे नाव ढीग साचल्यावर रंगवलेलं नव्हतं. खिसेवाला टोपी काढायला आला त्या दिवशीही हे ट्रक कुठेतरी तयार उभे असतील. या खेपेला त्याने हे मुकादमिणीला सांगितलं नाही. तिने स्वतःच बघितलं होतं.

ट्रकबरोबर आलेला माणूस म्हणाला, "बाई, हा ढीग आम्ही नेतो."

"हात लावायचा नाही," मुकादमीण म्हणाली.

"तुमचं काम संपलंय इथलं."

"ते मला माहितीये. हा ढीग माझा आहे. धुतल्याशिवाय जायचा नाही. तोवर तुम्ही बाहेर बसा, सावलीला."

तिने बायकांना हाक मारली. पुष्कळशा हलल्याच नाहीत. एक म्हणाली, "आता कोणाला दाखवायचंय?" आणि चप्पल घालून चालू लागली. तिच्यामागून आणखी गेल्या. राहिल्या त्या थोड्या. मग फाटकाजवळून भाची आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि आता तिला आत यायचा हक्कही नव्हता. मावशीकडे न बघता तिने बाह्या वर केल्या आणि रक्ताच्या चादरी वेगळ्या काढून गार पाण्यात टाकायला लागली.

"नीट भिजव," मुकादमीण खेकसली. "तरंगत ठेवू नकोस."

नळावर एक ठोका पडला. बॉयलरवाल्याने नव्याने आलेला, होता नव्हता तो सगळा कोळसा आत लोटला. दाबाच्या काट्याकडे बघत, आतून घाबरत, तो वाफ देत राहिला. संध्याकाळी चादरी इस्त्रीच्या रुळाखालून निघून, घड्या होऊन, ट्रकवाल्याच्या समोर ठेवल्या गेल्या तेव्हा तो माणूस सावलीत झोपलेला होता. त्या घड्यांचा फोटो काढायला कोणी आलं नाही.

तात्पुरती सोय मग कायमची झाली. ढोल उचकटून भंगारात गेले. वाफेचा नळ भिंतीशी कापून त्याच्या तोंडाला पत्रा ठोकला. कंपनीचा कारखाना शहराबाहेर होता. कंपनीने भाचीला रोजावर घेतलं, काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी घरी. जायला सरकारी बस उरली नव्हती. मुकादमिणीला त्यांनी वय झालं म्हणून घेतलं नाही. काही दिवसांनी हॉस्पिटलात चादरीचे पैसे लागायला लागले आणि पेशंट घरून चादरी आणू लागले. ज्यांच्याकडे नव्हत्या ते तसेच निजू लागले. उघड्या गादीचा फोटो पेपरात पुन्हा कधी आला नाही.

काढलेल्या बायकांनी मुकादमिणीशी शेवटपर्यंत बोलणं टाकलं. ज्यांनी काढलं त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून असेल. खिसेवाला पुढे कुठल्या तरी पूर आलेल्या शहरात गेला, असं ऐकलं. तिथेही त्याने टोपी काढली असणार. त्या टोपीवर वीज पडो, असं बॉयलरवाल्याला आजही वाटतं, आणि म्हातारपणी मनात असं येऊ नये असंही वाटतं. पण येतं ते येतंच.

स्वयंपाकघरासाठी त्याचा बॉयलर आणखी काही वर्षं चालला, मग तिथे गॅस आला आणि तोही घरी बसला. मुकादमीण त्याला त्यानंतर एकदाच भेटली, भाजीच्या गल्लीत, भर दुपारी. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात बटाट्यांची पिशवी. एका गाडीवाल्याशी तिची जुंपली होती, त्यावरूनच त्याने तिला ओळखलं. तिने त्याला आधी ओळखलं नाही, मग एकदम, "अरे देवा, वाफोबा! पांढरे फटक पडलात की. आगीबाहेर काढल्यावर हेच व्हायचं."

त्याने भाचीचं विचारलं.

"गेली," ती म्हणाली. "कंपनीने मशीन आणलं नवीन. दुसऱ्या शहरात बघते म्हणाली. लेकीला घेऊन गेली. मी म्हटलं जा."

"एकट्याच असता मग?"

"एकटीला काय होतंय? भांडायला शेजार आहे."

त्या जिभेबद्दल, त्या विनोदाबद्दल तिला काहीतरी सांगावं, असं त्याच्या मनात पुष्कळ वर्षं होतं. हसणाऱ्यांत आपणही होतो, तिची एकटीची चूक नव्हती, असं काहीतरी. वाक्य त्याने अनेकदा जुळवून ठेवलेलं होतं. तेवढ्यात मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि दोघांना बाजूला व्हावं लागलं.

"बटाटे कसे दिले?" त्याने विचारलं.

"महागच. पण त्या कोपऱ्यावरच्याकडे जाऊ नका, खालून सडके घालतो."

"बरं झालं सांगितलंत."

"आणि उन्हात उभे राहू नका असे. जा."

"हो. येतो मी."

"या."